वजू एकदाच, औषध रोज

पत्र (नाव-गाव गाळून, थोडक्यात):

"आपा, अस्सलामु अलैकुम. मी २७ वर्षांची, रत्नागिरी जिल्ह्यात सासरी राहते. मिस्टर कुवेतला असतात, चार वर्षांची मुलगी आहे. तिच्या बाळंतपणानंतर मला वजूचा (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचा) वसवसा, म्हणजे न सुटणारी शंका, लागला. फजरच्या वजूला तासभर जातो. कोपर कोरडं राहिलं, हवा सुटली, नीयत नीट झाली नाही, असं वाटत राहतं आणि परत पहिल्यापासून. टाकी रिकामी होते, सासूबाई ओरडतात. हातांना चिरा पडल्यात. कपडे नापाक असतील म्हणून मुलीला उचलत नाही. मिस्टर सुट्टीवर आले तरी वजू तुटेल म्हणून हात लागू देत नाही. नमाजमध्ये अल्लाहबद्दल इतके घाणेरडे विचार येतात की लिहिता येत नाहीत, मग तौबा करत बसते. मौलानांना दिवसातून कितीदा फोन करायचे, आता ते उचलत नाहीत. एका आमिलने (झाडफूक करणाऱ्याने) 'असर' (बाहेरची बाधा) सांगून पैसे घेतले. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, देवधर्म जरा कमी करा. मी गोळ्या फेकून दिल्या. माझं इमान (श्रद्धा) कमजोर आहे का? उपचार घेतला तर दीन (धर्म) सुटेल का? गोळ्यांत नशा असते का? रमजानला काय करू? कधी वाटतं, झोपेतून जाग येऊच नये. आणि खाली लिहिलेल्या नमाजा झाल्या की नाही, तेवढं सांगाल?"

वअलैकुम अस्सलाम.

जाग येऊच नये, असं तू एका ओळीत लिहिलंस आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलीस. मी तिथे थांबते. आज रात्री मिस्टरांचा फोन येईल तेव्हा हेच शब्द त्यांना सांग, सौम्य करून सांगू नकोस. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेव. ही सरकारी सेवा आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं. हे नुसतं वाटण्यापुरतं न राहता काय करायचं याचा बेत मनात तयार होऊ लागला, तर फोनवर भागवू नकोस, घरातलं कुणी सोबत घे आणि थेट सरकारी रुग्णालय गाठ. असा विचार मनात आला म्हणून तू गुनाहगार होत नाहीस, आणि तो बोलून दाखवल्याने घराची अब्रूही जात नाही.

आता बाकीचं.

तू जे लिहिलंस त्याला डॉक्टर ओसीडी म्हणतात, मराठीत मंत्रचळ. मी तुला तपासलेलं नाही, पक्कं निदान समोर बसलेला डॉक्टरच करेल. पण तासभराचा वजू, चिरा पडलेले हात, नको असलेले विचार आणि ते पुसण्यासाठी पुन्हा पुन्हा तौबा, हे सगळं एकत्र असताना दुसरं काही असण्याची शक्यता मला कमी वाटते. बाळंतपणानंतर हा आजार सुरू होणं किंवा बळावणं डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचं आहे. इमान कमजोर असण्याचा इथे संबंध नाही. माणसाचा जीव जिथे गुंतलेला असतो नेमकं तिथेच हा आजार बोट ठेवतो. एखाद्या आईला आपल्याच हातून बाळाला इजा होईल असे विचार छळतात, कारण तिचं सगळं काळीज त्या बाळात असतं. तुझं नमाजात आहे. जिला नमाजची पर्वा नाही, तिला नमाज झाली की नाही ही धास्ती कशाला वाटेल?

त्या घाणेरड्या विचारांबद्दल एक हदीस (पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याची नोंद) सांगते, 'सहीह मुस्लिम' या हदीससंग्रहात आहे. काही सहाबा, म्हणजे पैगंबरांचे सोबती, रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्याकडे आले आणि म्हणाले, आमच्या मनात असं काही येतं की ते तोंडाने उच्चारणंही आम्हाला भयंकर वाटतं. उत्तर मिळालं की हे तर उघड इमान आहे. म्हणजे विचार नकोसा वाटणं, त्याने अंग शहारणं, हीच इमानची खूण मानली गेली. दुसऱ्या हदीसमध्ये आहे की मनात नुसतं जे येऊन जातं ते, बोललं किंवा केलं जात नाही तोवर, या उम्मतला (मुस्लिम समाजाला) माफ आहे.

आणि 'देवधर्म कमी करा' हे वाक्य. त्या डॉक्टरांनी गोळी योग्य दिली असेल, पण हे वाक्य चुकीचं होतं असं मी स्पष्ट म्हणते. त्यांना बहुधा म्हणायचं होतं की विधी कमी करा. तुला ऐकू आलं की दीन सोड. असं सांगितल्यावर कोणताही दीनदार माणूस औषध फेकणारच, त्यात तुझा दोष मी धरत नाही. तुझ्या बाबतीत उपचाराची दिशा वेगळी असायला हवी. शरियतने जितकं मागितलं आहे तितकंच करायचं, आणि त्यावर आजाराने जे चढवलं आहे ते उतरवायचं. पूर्ण बरी झालीस तरी तू पाच वक्ताची नमाजी असशील. फक्त वजूला तीन-चार मिनिटं लागतील.

हे मी आजकालच्या पुस्तकांतून उचलून सांगत नाही. कोकणातल्या आपल्या बहुतेक घरांत शाफई मसलक (धर्मनियमांची परंपरा) चालतो, म्हणून एका शाफई फकीहचंच (धर्मनियमांच्या जाणकाराचंच) सांगते. इब्न हजर हैतमी सोळाव्या शतकात मक्केत होते. वसवशावर इलाज काय, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की इलाज एकच आहे, त्याच्याकडे पूर्ण पाठ फिरवायची, मनात शंका कितीही वळवळत असली तरी. जो लक्ष देत नाही त्याचा वसवसा टिकत नाही. जो त्याचं ऐकत राहतो त्याचा वाढत जातो, अगदी वेडाच्या टोकापर्यंत. आज ओसीडीवर जो उपचार सगळ्यात भरवशाचा मानला जातो, त्याचा गाभा हाच आहे: भीती वाटते तिला सामोरं जायचं आणि भीती घालवण्यासाठी जी कृती करत होतो ती करायची नाही. हैतमींच्याही सहाशेहून अधिक वर्षं आधी बल्ख शहरातले अबू झैद बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीराच्या आणि मनाच्या आजारांवर एकाच ग्रंथात लिहिलं. राग, दुःख, भीती आणि हे चिकटून बसणारे विचार, अशी मनाच्या दुखण्यांची वर्गवारी केली. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी त्यांचं हे वर्णन आजच्या ओसीडीच्या निकषांशेजारी ठेवून पाहिलं आणि त्यांना दोन्हींत मोठं साम्य दिसलं. तेव्हा हा उपचार बाहेरून आपल्या घरात शिरला, असं सासूबाई म्हणाल्या तर त्यांना हे जरूर सांग.

प्रत्यक्षात उपचार कसा चालेल, तेही ऐक. समुपदेशकाबरोबर तू भीतीची एक शिडी करशील, खालच्या पायरीवर सोपं, वरच्या पायरीवर अवघड. वजू नळाखाली करायचाच नाही. एका तांब्यात साधारण पाऊण लिटर पाणी घ्यायचं. रसूलुल्लाह एक मुद पाण्यात वजू करत असं हदीसमध्ये आहे, आणि मुद साधारण तेवढाच भरतो. प्रत्येक अवयव एकदा धुणं फर्ज (बंधनकारक), तीनदा सुन्नत (पैगंबरांची रीत), आणि तीनच्या वर जाणाऱ्याने चूक केली असं खुद्द हदीसमध्ये आलं आहे. पाणी संपलं की वजू झाला. कोपर कोरडं राहिलं असं मन ओरडेल. ओरडू दे. तशाच अवस्थेत मुसल्ल्यावर उभी राहा. छाती धडधडेल, घाम येईल, 'ही नमाज कबूल होणार नाही' असं वाटेल, आणि तरीही तू नमाज पूर्ण करशील आणि पुन्हा पढणार नाहीस. पहिले काही दिवस हे फार कठीण जाईल, खोटं कशाला सांगू. पण अस्वस्थता चढते आणि काही केलं नाही तरी आपोआप उतरते, हे शरीराला एकदा अनुभवाने कळलं की पुढच्या पायऱ्या हलक्या होतात. हवा सुटल्याच्या शंकेला हाच नियम: आवाज आला किंवा वास आला तरच नमाज सोडायची, असं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. नाक लावून तपासत बसायचं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. फिकहचा (धर्मनियमांच्या शास्त्राचा) मोठा कायदाच आहे की खात्री असलेली गोष्ट शंकेने रद्द होत नाही.

चांगला समुपदेशक तुला कधीही हराम काही करायला सांगणार नाही, कुफ्रचे (अल्लाहला नाकारणारे) शब्द उच्चारायला लावणार नाही. साधी नमाजी बाई जिथवर जाते तिथवरच तुला न्यायचं, पुढे नाही. ही हद्द पहिल्याच भेटीत तूच ठरवून घे. तो ती नाकारणार असेल तर दुसरा शोध.

खाली लिहिलेल्या नमाजा झाल्या की नाही, ते मी सांगणार नाही. तुला याचा राग येईल. पण तो प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे. मी 'हो, झाल्या' म्हटलं तर तुला अर्धा तास गार वाटेल आणि मग नवी शंका येईल: आपांना सगळं नीट सांगितलं होतं का? सावकाराला व्याज भरत राहावं आणि मुद्दल तसंच राहावं, तशी ही दिलासा मागण्याची सवय आहे. मौलानांना केलेले फोन, सासूबाईंना 'बघा ना, पाणी लागलं का' हे विचारणं, मोबाइलवर रात्री फतवे शोधणं, सगळं त्यातच येतं. आता अवघड गोष्ट सांगते. तौबासुद्धा त्यात येऊ शकते. नमाजनंतरचा जिक्र, रात्रीची तौबा, दुवा, हे जसंच्या तसं राहू दे. मात्र घाणेरडा विचार आला की तो खोडण्यासाठी लगेच अमुक वेळा अस्तगफार (माफी मागणं), आणि मधे लक्ष गेलं तर पुन्हा पहिल्यापासून, ही इबादत राहिलेली नाही. विचार आला तर येऊ दे, त्याच्याशी वाद नको, त्याला उत्तर नको, पुढची आयत पढ. मी वर सांगितलेल्या हदीसही समजून घेण्यासाठी आहेत. दर वेळी भीती वाटली की हा लेख उघडून त्या वाचू लागलीस तर तीही एक नवी कृती होईल. एकदा वाच आणि ठेवून दे.

मौलानांवर रागावू नकोस. त्यांनी फोन उचलणं सोडलं ते कंटाळून असेल, पण नकळत योग्यच केलं. आता त्यांच्याशी एकदा, नीट, ठरवून बोलायचं. मिस्टरांना फोनवर घे किंवा सासऱ्यांना सोबत ने. तीन गोष्टी विचार. वसवशाच्या माणसाने प्रत्येक अवयव एकदाच धुतला तर वजू होतो ना? शंका आली तरी नमाज परत पढू नये ना? आणि मिस्टरांच्या स्पर्शाचं काय? शाफई मसलकात नवरा-बायकोच्या त्वचेला त्वचा लागली की वजू जातो, हनफींकडे नुसत्या स्पर्शाने जात नाही. वसवशाने त्रासलेल्या माणसाला दुसऱ्या मसलकातली सवलत घेता येईल का, हे त्यांनी सांगावं. तो अधिकार माझा नाही. नाही म्हणाले तरी बिघडत नाही. वजू जातो म्हणजे फक्त पुन्हा एकदा वजू करायचा असतो, त्यासाठी दोन वर्षांनी घरी आलेल्या माणसापासून लांब पळायचं नसतं. त्यांची उत्तरं कागदावर लिहून घे. त्यानंतर मौलानांनी, सासूबाईंनी, मिस्टरांनी सगळ्यांनी मिळून एकच वाक्य म्हणायचं: 'याचं उत्तर दिलेलं आहे.' ओरडायचं नाही आणि समजूतही काढायची नाही. घरच्यांना हे जमणं तुझ्या औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, म्हणून समुपदेशकाच्या एका भेटीला सासूबाईंना ने. टाकी रिकामी होण्याचा त्यांचा त्रास खराच आहे, तो त्यांना तिथे बोलू दे.

मुलीबद्दल वाचून मला सगळ्यात वाईट वाटलं. चार वर्षांच्या पोरीला आई उचलत का नाही, हे कुणी समजावू शकत नाही. रसूलुल्लाह यांनी आपली नात उमामा हिला खांद्यावर घेऊन नमाज पढल्याचं बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. सजद्याला जाताना तिला खाली ठेवत, उभे राहताना पुन्हा उचलून घेत. लहान लेकराच्या कपड्यांची चौकशी केल्याचा त्यात उल्लेख नाही. तुझ्या शिडीची पहिली पायरी वजूची असू नये, मुलीची असावी असं मला वाटतं. दिवसातून एकदा, ती जशी असेल तशी, तिला मांडीवर घे. कपडे बदलून नको, हात धुऊन नको. नंतरही कपडे बदलू नकोस. समुपदेशक मिळेपर्यंत एवढं एक तू आजपासून करू शकतेस.

आमिलचं थोडक्यात. सूरह फलक, सूरह नास, आयतुल कुर्सी स्वतः पढून स्वतःवर दम करायला (फुंकर घालायला) कुणाची हरकत नाही, पैसेही लागत नाहीत. पण पैसे उकळणारा, मारहाण करणारा, औषध बंद करायला सांगणारा माणूस दारात उभा करू नका. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात आग लागली. साखळ्यांनी बांधून ठेवलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जीव गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधणं बंद केलं आहे. दुसऱ्या बाजूला गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुवा' असा उपक्रम चालला. दर्ग्यातले मुजावरच (सेवेकरीच) आलेल्या माणसाला दुवा झाल्यावर तिथल्या डॉक्टरांकडे पाठवत. श्रद्धा आणि उपचार यांना एकमेकांचा हात धरता येतो, याचं इतकं चांगलं उदाहरण आपल्या शेजारच्याच राज्यात आहे.

गोळ्यांत नशा नाही. ओसीडीसाठी सहसा जी औषधं देतात ती झिंग आणत नाहीत, त्यांची दारूसारखी तलब लागत नाही. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोपेत फरक असं होऊ शकतं. बहुतेकांचं ते काही दिवसांत कमी होतं. मात्र ओसीडीत गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि मधेच अचानक बंद केलं की त्रास होतो. इथेच बायका हार मानतात, दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून. पुन्हा सुरू करताना जुन्या चिठ्ठीवर स्वतः आणू नकोस, डॉक्टरांना दाखव, आणि दिवस राहण्याचा विचार असेल किंवा दुसरं काही औषध चालू असेल तर तेही सांग. हदीसमध्येच आहे की अल्लाहच्या बंद्यांनो, इलाज करा, त्याने म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराबरोबर दवा ठेवली आहे.

रमजानसाठी: दिवसातून एकदाच घ्यायची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते का, हे रमजानच्या निदान महिनाभर आधी विचार. बहुतेकदा वेळ बदलून जमतं. काही औषधांत मात्र पाणी न पिण्याने धोका वाढतो, लिथियम हे त्यातलं ठळक. ते तुला दिलंच तर रोज्याचा निर्णय डॉक्टरांशिवाय घेऊ नकोस. आजारी माणसाने रोजे नंतर पूर्ण करावेत, अल्लाहला तुमच्यासाठी सहजता हवी आहे, हे सूरह बकराच्या १८५ व्या आयतीत आहे. ती आयत ताप आलेल्यासाठी आहे आणि मन आजारी असलेल्यासाठी नाही, असं कुठेही लिहिलेलं नाही.

समुपदेशक मुसलमानच हवा का? असला तर बोलणं सोपं जातं, वजू म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागत नाही. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात गझाला मीर यांनी नैराश्यावरच्या एका उपचाराचं मुसलमान रुग्णांसाठी असं रूप तयार केलं, ज्यात कुराणातल्या आयतींचा आधार घ्यायचा की नाही आणि किती, हे रुग्णच ठरवतो. तसं काही आपल्या तालुक्यात लगेच मिळणार नाही. मला विचारशील तर ओसीडीचं काम येत असलेला हिंदू किंवा ख्रिस्ती समुपदेशक, ते काम न येणाऱ्या मुसलमानापेक्षा तुझ्यासाठी बरा. त्याने तुझा दीन मानायची गरज नाही, त्याचा मान ठेवायची आहे. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय नावामुळे भीतीदायक वाटतं, पण तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. जायला अवघड असेल तर ऑनलाइन समुपदेशनही चालतं. त्याच वेळी मिस्टरांना कुवेतहून जोडून घेता येईल. तू जे सांगशील ते गुप्त ठेवणं कायद्याने उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, मोहल्ल्यात कळेल ही भीती ठेवू नकोस.

पहिल्या भेटीत हे विचार: तुम्ही ओसीडीसाठी भीतीला सामोरं जाण्याचा उपचार करता का? अशा किती रुग्णांबरोबर काम केलंय? माझ्या मौलानांनी लिहून दिलेली उत्तरं तुम्ही वाचाल का, आणि गरज पडली तर त्यांच्याशी बोलाल का? आणि गोळ्या फेकल्या होत्या हे लपवू नकोस, का फेकल्या तेही सांग. हातांच्या चिरा दाखव, त्यावर मलमही लागेल. सासूबाईंना सोबत नेणार असशील तर मुलीलाही ने, बसमध्ये मांडीवर बसवून.